यंत्राचा ठोका चुकतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, ही आपल्याकडची वर्षानुवर्षांची गोष्ट आहे. फुलंब्रीहून सिल्लोडकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना अद्रक, मका, कपाशीची शिवारं लागतात आणि बहुतेक विहिरींच्या काठावर एक पत्र्याची पेटी दिसते. तिला कुणी स्टार्टर म्हणतं, कुणी पॅनल. लाईट आली की त्या पेटीतून एक ‘खट्ट’ असा आवाज येतो. काही सेकंदांनी दुसरा ‘खट्ट’ होतो आणि मोटार पूर्ण वेगाने पाणी उचलू लागते. रात्रीची पाळी असेल तर शेतकरी घरी झोपलेला असतो. मग मधले ते सेकंद मोजतं कोण?

पूर्वी ते माणूसच मोजायचा. हँडल खाली दाबायचं, मोटारीचा आवाज चढला की वर ढकलायचं. नंतर वाऱ्याचे, स्प्रिंगचे टायमर आले. अलीकडच्या पॅनलमध्ये मात्र हे काम तळहाताएवढ्या हिरव्या बोर्डावर बसवलेली काळी चिप करते. आपले पॅनलवाले त्या बोर्डाला ‘कार्ड’ म्हणतात. “कार्ड गेलं” हे वाक्य तुम्ही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ऐकलं असेल. आज मला बोलायचं आहे ते गेलेल्या कार्डाबद्दल नाही. जे चालू आहे, दिवे लावतं, आकडे दाखवतं, पण ज्याचा काळाचा हिशेबच चुकलेला आहे, अशा कार्डाबद्दल बोलायचं आहे.

ही चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर, एक छोटासा संगणक. त्याला स्वतःची अक्कल नसते, हे आपण जाणतोच. पण त्याला काळही कळत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्याला बाहेरून ठोके लागतात. एक ठोका पडला की तो एक छोटं काम करतो, पुढचा पडला की पुढचं. ठोके थांबले की तो जागच्या जागी थिजतो. हे ठोके देणारी वस्तू म्हणजे बोर्डावरची ती चकचकीत, लांबट गोल टोपीची डबी. तिच्यात स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्झची पातळ चकती असते. स्फटिक दाबला तर त्यात वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. उलटही होतं. वीज दिली तर स्फटिक थरथरतो, आणि त्याच्या आकाराने ठरलेल्या वेगानेच थरथरतो. आपल्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो निवडण्यामागे सोय आहे. त्याला पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. पॅनलमधल्या चिपचा स्फटिक पुष्कळ चपळ असतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या बोर्डांवर तो १६ मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके.

आता खरी गोम ऐका. प्रोग्रॅम लिहिणारा जेव्हा “आठ सेकंद थांब” असं लिहितो, तेव्हा चिपपर्यंत ‘सेकंद’ हा शब्द पोचतच नाही. लिहिणाऱ्याने आधी एका ओळीत सांगून ठेवलेलं असतं, की या बोर्डाचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख आहेत. त्या भरवशावर संगणक हिशेब करून देतो, की आठ सेकंद म्हणजे १२ कोटी ८० लाख ठोके मोज. चिप तेवढे ठोके इमानेइतबारे मोजते. ठोके खरोखर त्या वेगाने पडताहेत की नाही, हे तपासायला तिच्याजवळ दुसरं घड्याळ नाही. ते सांगणं खोटं निघालं तर चिप चूक करत नाही. ती अचूकपणे चुकीचं वागते.

गाण्याची उपमा द्यायचा मोह आवरत नाही, आणि फुलंब्रीचं नाव घेतल्यावर तर नाहीच. मास्टर कृष्णरावांचं आडनाव फुलंब्रीकर. १८९८ ते १९७४ या त्यांच्या आयुष्यात त्यांनी लयीचे किती खेळ केले असतील! पण ते लयीचे मालक होते. तबलजीने ठेका दुप्पट केला तर गवयाला कानाने तत्क्षणी कळतं आणि तो डोळे वटारतो. आपल्या चिपला कान नाहीत. ठेका दुप्पट झाला तर तिचं अख्खं गाणं दुगुनमध्ये जातं आणि तिला वाटतं, मी विलंबितच गातेय.

हे घडतं कसं? एटीमेगा ३२८पी नावाची एक चिप घेऊ. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी अर्दुइनो नावाच्या बोर्डांची सुरुवात झाली आणि पुढे त्या बोर्डांमुळे ही चिप घरोघरी नाही तरी कॉलेजोकॉलेजी पोचली. ही चिप कारखान्यातून येते तेव्हा ती बाहेरच्या स्फटिकाकडे पाहतच नाही. तिच्या पोटात स्वतःचा एक साधा ठोके देणारा असतो, तो ८ मेगाहर्ट्झचा, आणि त्यालाही आठने भागून ती १ मेगाहर्ट्झवर चालते. शेजारी १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक डाखला म्हणून ती त्याचं ऐकू लागत नाही. तिच्या आतल्या काही कळा बदलून तसं सांगावं लागतं. तयार अर्दुइनो बोर्डावर हे काम आधीच झालेलं असतं. पण पैसे वाचवायला कुणी सुटी चिप आणून स्वतःचं कार्ड बनवलं, प्रोग्रॅम १६ मेगाहर्ट्झ धरून लिहिला आणि त्या कळा तशाच राहिल्या, तर सगळा व्यवहार सोळापट संथ होतो.

हा सोळाचा पाढा विहिरीच्या काठावर लावून बघा. स्टारमधून डेल्टामध्ये जायचे ८ सेकंद १२८ सेकंद होतात. स्टारमध्ये मोटारीच्या प्रत्येक गुंडाळीला जवळपास ५८ टक्केच दाब मिळतो आणि मोटारीचा जोर एक तृतीयांशावर येतो. उठतानाचा झटका कमी व्हावा म्हणून ही सोय आहे, पण ती काही क्षणांपुरतीच. पूर्ण भार अंगावर घेऊन दोन मिनिटं कण्हत राहिलेली मोटार तापणारच. पुढचं बघा. विहिरीचं पाणी तळाला गेलं, मोटार कोरडी फिरू लागली, तर ३० सेकंदांत बंद कर, असं कार्डाला सांगितलेलं असतं. आता ती ८ मिनिटं कोरडी फिरणार. पाणबुडी मोटारीला थंड ठेवणारं तिच्याभोवतीचं पाणीच असतं आणि तिच्या बुशांना वंगणही पाण्याचंच. कोरड्यात आठ मिनिटं म्हणजे काय, हे रिवाइंडिंगवाल्याला विचारा. आणि शेवटचं. विहिरीला पाझर सुटायला एक तास द्या आणि मग मोटार पुन्हा लावा, अशी सोय बऱ्याच पॅनलमध्ये असते. त्या एका तासाचे १६ तास होतात. लाईटची पाळी तेवढ्यात येऊन गेलेली असते. अद्रकाचं बेणं महाग, पीक पाण्याला हळवं, आणि ठिबकच्या नळ्या मात्र कोरड्या. शेतकरी म्हणतो, मोटार लागत नाही. मिस्त्री येऊन बघतो तर सगळं ठीक!

उलट्या दिशेची चूकही तितकीच सर्रास होते. अर्दुइनोच्या घराण्यातला प्रो मिनी नावाचा बोटाएवढा बोर्ड दोन तऱ्हांचा मिळतो. एक ५ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झचा, दुसरा ३.३ व्होल्टवर ८ मेगाहर्ट्झचा. दिसायला दोन्ही जुळे भाऊ. संगणकावर प्रोग्रॅम चढवताना यादीतून कोणता बोर्ड ते निवडायचं असतं. हातात १६ चा आणि यादीत ८ चा निवडला गेला, की सगळं दुप्पट घाईने होतं. ८ सेकंदांचे ४ होतात. मोटारीने अजून वेग घेतलेला नसताना ती डेल्टात फेकली जाते, वीज एकदम जोराने खेचली जाते आणि जो झटका टाळण्यासाठी स्टार-डेल्टाचा खटाटोप केला, तोच झटका बसतो.

गावच्या डीपीचाही यात संबंध आहे. लाईट आल्याबरोबर पंचवीस-तीस मोटारी एकाच क्षणी उठल्या की रोहित्रावर ताण येतो, ते जळतं. म्हणून महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं सांगत आलं आहे. यावर काही पॅनलांमध्ये तोड काढलेली असते. लाईट आली तरी ठरावीक वेळ थांबायचं, आणि प्रत्येक मोटारीची वेळ वेगळी ठेवायची. कल्पना उत्तम आहे, पण ती पूर्णपणे कार्डाच्या ठोक्यावर उभी आहे. दोन मिनिटं थांबणारं कार्ड बत्तीस मिनिटं थांबलं तर एका शेतकऱ्याचं पाणी जातं. दोन मिनिटांचं एक झालं आणि त्या एका मिनिटावर आधीच शेजारच्या चार मोटारी असल्या, तर डीपीचं काय होईल ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, हे टेबलावर तपासताना लक्षात कसं येत नाही? येत नाही, त्याला कारण आहे. टेबलावर मोटार नसते, एक दिवा असतो. दिवा लागतो, विझतो. तपासणारा क्रम बघतो: आधी हा लागला, मग तो लागला, बरोबर आहे. काळ बघत नाही. शिवाय तपासताना कंटाळा येऊ नये म्हणून तासाच्या जागी दहा सेकंद घालून बघण्याची सर्वांनाच सवय असते, आणि दहाच्या जागी पाच सेकंद लागले तर डोळ्याला ते खुपत नाही.

एकाच ठिकाणी ही चूक लगेच आरडाओरडा करते, ते म्हणजे दोन यंत्रांच्या बोलण्यात. इथे मला एका जुन्या आकड्याची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे ज्यांनी पॉलिटेक्निकला, इंजिनिअरिंगला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरातल्या सीईडीटीआयमध्ये (आता ती नाइलिट झाली आहे) इलेक्ट्रॉनिक्सचे धडे गिरवले, त्यांच्या एका पिढीला ८०५१ ही चिप पाठ आहे. त्या चिपसाठी दुकानात स्फटिक मागायला गेलं की दुकानदार दोन डब्या पुढे करायचा. एक १२ मेगाहर्ट्झ आणि दुसरा ११.०५९२ मेगाहर्ट्झ. नवख्या मुलाला वाटायचं, सरळ आकडा सोडून हा अपूर्णांकाचा कशाला घ्या? १२ चा घ्यायचा. आणि मग संगणकाच्या पडद्यावर अक्षरांऐवजी किडामुंगीसारख्या खुणा उमटायच्या.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. दोन यंत्रं एका तारेवरून बोलतात तेव्हा ती ठोक्यांची वेगळी तार जोडत नाहीत. आधी ठरवून घेतात, की सेकंदाला ९६०० या वेगाने बोलायचं. प्रत्येक अक्षराचे दहा भाग पडतात: एक सुरुवातीचा, आठ मजकुराचे, एक शेवटचा. ऐकणारं यंत्र सुरुवातीची खूण दिसली, की आपल्या घड्याळाने ठरावीक अंतरावर एकेक भाग टिपत जातं. ८०५१ ही चिप स्फटिकाच्या ठोक्यांना आधी १२ ने, मग ३२ ने आणि मग आपण दिलेल्या एका पूर्णांकाने भागून बोलण्याचा वेग काढते. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२, ३२ आणि ३ ने भागा, बरोबर ९६०० येतात, शेषही उरत नाही. १२ मेगाहर्ट्झला भागा, जवळपास १०,४१७ येतात. साडेआठ टक्के जास्त. पहिला भाग टिपताना ही चूक जाणवत नाही, पण ती साचत जाते आणि सहाव्या भागाच्या सुमाराला ऐकणारा अर्धं पाऊल चुकलेला असतो. तिथून पुढे तो शेजारचाच भाग वाचतो. दोन्ही बाजू मिळून पाचेक टक्क्यांच्या पुढे गाडी जात नाही, म्हणून शहाणे लोक दोन टक्क्यांच्या आत राहायचं धोरण ठेवतात.

आता हीच गोष्ट मोबाईल स्टार्टरला लावा. शेतात न जाता घरून फोनवर मोटार चालू-बंद करायची सोय अनेकांनी करून घेतली आहे. त्या पेटीत सिमकार्ड घातलेला एक मोडेम असतो आणि तो आपल्या चिपशी अशाच एका तारेवरून बोलतो. चिपचा ठोका सरळ दुप्पट किंवा सोळावा हिस्सा असेल तर दोघांचं बोलणं पहिल्याच दिवशी बंद पडतं आणि चूक सापडते. मी याला नशीब म्हणतो. खरा घोळ असतो तो काठावरच्या चुकीत, म्हणजे तीन-चार टक्क्यांच्या. सकाळी गारव्यात बोलणं नीट चालतं. दुपारी पेटी तापली की तुटतं. आपण फोनवरून ‘बंद’ पाठवतो, मोडेमला तो मिळतो, पण चिपला भलतंच ऐकू येतं आणि मोटार चालूच राहते.

पेटी तापण्याचा इथे काय संबंध, हे सांगतो. चिपच्या पोटात जो ठोके देणारा असतो, तो स्फटिकाचा नसून रोध आणि धारित्र यांच्या जोडीवर चालतो. एटीमेगाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे, की कारखान्यातून निघताना त्याच्या ८ मेगाहर्ट्झमध्ये १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतं, आणि तेही २५ अंश तापमानाला. दहा टक्के म्हणजे दिवसाला २ तास २४ मिनिटं! ऊन चढलं, दाब बदलला की तो आणखी सरकतो. वाजवी काळजी घेऊन तो एक टक्क्यापर्यंत जुळवता येतो, पण स्वस्तातल्या कार्डांत ती काळजी कोण घेतो? स्फटिक आणि त्याच्या शेजारचे दोन चिमुकले कपॅसिटर वाचले, हाच हिशेब.

याउलट स्फटिक बघा. घड्याळातला ३२,७६८ वाला स्फटिकसुद्धा उन्हात मागे पडतो. २५ अंशांपासून जितके दूर जाल तितका त्या अंतराच्या वर्गाच्या पटीत. मराठवाड्याच्या मे महिन्यात, उन्हात उभ्या असलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत ६० अंश धरले, तर तो दिवसाला साडेतीन सेकंदांच्या आसपास मागे पडेल. पूर्ण महिनाभर रात्रंदिवस साठ अंश राहिले तरी दोन मिनिटांच्या आत. एकीकडे दिवसाला दोन तासांची मुभा आणि दुसरीकडे महिन्याला दोन मिनिटं. एवढ्या फरकासाठी स्फटिकाची किंमत मोजायला कुणी का कू करावं, हे मला कळत नाही. आपल्या पाळ्या घड्याळी वेळेवर चालतात. रात्री ठरलेल्या वेळी झडपा बदलणारं कार्ड आतल्या ठोक्यावर चालत असेल, तर आठवडाभरात त्याची रात्र आणि आपली रात्र एक राहत नाही.

ठोका बाहेरून उसना घेण्याची आणखी एक पद्धत होती, ती विजेच्या तारेतूनच. घरातली वीज सेकंदाला ५० पूर्ण हेलकावे घेते, त्या हेलकाव्यांवर घड्याळ चालवायचं. युरोपात भट्ट्यांवरची, रेडिओवरची पुष्कळ घड्याळं अशीच चालतात. २०१८ च्या जानेवारी ते मार्च या काळात सर्बिया आणि कोसोवोच्या वादात विजेचा हिशेब तुटीत गेला, जाळ्याची सरासरी ५० ऐवजी ४९.९९६ वर उतरली आणि पंचवीस देशांतली अशी घड्याळं सहा मिनिटं मागे पडली. ही तूट मोठी नव्हतीच, पण ती साचत गेली. आपल्याकडे हा प्रकार कधी रुजला नाही, यात नवल नाही. २००६ च्या नियमांत ४९ ते ५०.५ एवढी मोकळीक होती. ४९ वर दिवसभर राहिलं तर घड्याळ २९ मिनिटं मागे पडतं. आता नियम कडक झाले आहेत, २०१४ पासून ४९.९० ते ५०.०५ ची चौकट आहे; पण लाईट गेली की घड्याळच थांबणार, त्याला कोणता नियम पुरणार?

आतापर्यंत चालत्या कार्डाबद्दल बोललो. ठोक्याची एक चूक मात्र अशी आहे, की कार्ड दाराला आतून कडी लावून बसतं. मघाशी मी चिपच्या आतल्या कळांचा उल्लेख केला. त्यांना ‘फ्यूज बिट’ म्हणतात. नाव फसवं आहे. आपल्या ओळखीची तार त्यात नसते आणि काही वितळतही नाही. ठोके कुठून घ्यायचे, हे त्या कळा ठरवतात: पोटातल्या ठोक्यावर चालायचं, की शेजारी लावलेला स्फटिक स्वतः हलवून त्याचे ठोके घ्यायचे, की बाहेरच्या दुसऱ्या यंत्राकडून तयार ठोके येतील त्यांची वाट बघायची. शेवटच्या दोन पर्यायांची नावं इतकी सारखी आहेत, की स्फटिक लावलेला माणूस ‘बाहेरचा ठोका’ निवडून बसतो. चिप त्याच क्षणी वाट पाहू लागते. बाहेरून ठोका येत नाही, कारण स्फटिक आपण होऊन थरथरत नाही, त्याला चिपने हलवावं लागतं. आणि चूक दुरुस्त करायला जावं, तर नवी सूचना ऐकायलाही चिपला ठोका लागतो! विहिरीत पडलेल्याने दोर आणायला घरी जावं, असा हा पेच.

मुलं अशी चिप मेली म्हणून फेकून देतात. ती मेलेली नसते. दुसऱ्या एखाद्या चालू बोर्डाकडून तिच्या स्फटिकाच्या पायाला ठोके पुरवले, की ती जागी होते आणि कळ परत फिरवता येते. तेही जमलं नाही तर रिसेटच्या पायावर १२ व्होल्ट देऊन प्रोग्रॅम करण्याची जुनी रीत आहे. त्याच्याही आधी एक साधी गोष्ट करून बघावी. १ मेगाहर्ट्झवर चाललेल्या चिपशी प्रोग्रॅम चढवणारं यंत्र फार भरभर बोलत असेल, तरी ती उत्तर देत नाही. चिपच्या ठोक्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी वेगाने, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या खाली बोललं पाहिजे. वेग कमी केला की कित्येक ‘मेलेल्या’ चिपा बोलू लागतात. पण हे सारं झालं टेबलावरचं. पेटीत बसवलेल्या, वर लाखेसारखा थर दिलेल्या कार्डावर हे उद्योग कोण करणार? शेतकऱ्याच्या दृष्टीने ते कार्ड गेलंच.

वेग वाढवण्याच्या हौसेबद्दलही दोन शब्द सांगतो. गाडीचा अॅक्सिलेटर पिळावा तसा प्रोसेसरचा ठोका वाढवता येतो, हे कळलं की तरुण मुलांचे हात शिवशिवतात. पण ठोका आणि विजेचा दाब यांची गाठ बांधलेली आहे. एटीमेगा ३२८पी ला २० मेगाहर्ट्झ पेलायला निदान साडेचार व्होल्ट लागतात, २.७ व्होल्टवर ती १० मेगाहर्ट्झपर्यंतच खात्रीने चालते. ३.३ व्होल्टवर १६ चा स्फटिक लावला तर ती बहुधा चालेल. ‘बहुधा’ हाच शब्द घातक आहे. गावातला दाब रात्री पडतो, अॅडॅप्टर डुलकी घेतो, चिप एखादी सूचना चुकीची वाचते आणि जी कळ सोडायची नव्हती ती सुटते. एसटीएम३२एफ१०३ या चिपमध्ये तर आणखी एक पायरी आहे. ती ७२ मेगाहर्ट्झपर्यंत धावते, पण तिची स्मृती तेवढी चपळ नाही. म्हणून ४८ च्या पुढे गेलं की प्रत्येक वाचनाला दोन ठोके थांब, असं तिला सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं तर प्रोग्रॅम कधी चालतो, कधी मधेच कोसळतो, आणि शोधणारा महिनाभर प्रोग्रॅमच्या ओळी तपासत बसतो. चूक त्या ओळींत नसतेच.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं उदाहरण त्या मानाने सुखाचं आहे. २०१२ साली तो ७०० मेगाहर्ट्झवर आला आणि त्याच वर्षी बनवणाऱ्यांनीच १००० पर्यंत वेग वाढवायची अधिकृत सोय दिली. ज्यांनी त्याहून जास्त ताण दिला, त्यांच्यातल्या काहींची मेमरी कार्डं बिघडली. पण तिथे वेगाची नोंद त्या कार्डावरच्या एका साध्या फाइलमध्ये असते. कार्ड काढून दुसऱ्या संगणकात घातलं, ओळ पुसली, की झालं. फक्त दाब हद्दीबाहेर वाढवून जबरदस्तीने वेग धरून ठेवला तर चिपच्या आत एक कायमची खूण उठते आणि हमी संपते. ती खूण पुसता येत नाही. बनवणाऱ्याने ही जागा सोडली, याचं मला कौतुक वाटतं. चूक कुठे सुधारता यावी आणि कुठे तिची नोंद राहावी, हे त्याने आधीच ठरवलं होतं.

मग आपण काय करायचं? कार्ड बनवणाऱ्या मुलांना मी एकच परीक्षा सुचवतो. प्रोग्रॅमला दहा मिनिटं दिवा लावायला सांगा आणि मोबाईलवरचं स्टॉपवॉच हातात धरून बसा. एक टक्क्याची चूक सहा सेकंदांची दिसते, तेवढी डोळ्यांना पुरते. दुप्पट किंवा सोळापट असेल तर दहा मिनिटं बसायचीही गरज नाही. हीच परीक्षा कार्ड दुपारभर उन्हात ठेवून पुन्हा करा. कोणत्या कळा कुठे ठेवल्या आणि स्फटिक कितीचा आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवा. उद्या चिप बदलणारा माणूस दुसराच असेल आणि त्याला नवी चिप कारखान्यातून येते तशीच मिळेल. चिपमध्ये दाब पडल्यावर तिला थांबवणारी आणि ती भरकटल्यावर तिला पुन्हा सुरू करणारी अशा दोन राखण्या असतात. त्यातली दुसरी, जिला वॉचडॉग म्हणतात, ती एटीमेगामध्ये स्वतःच्या निराळ्या ठोक्यावर चालते, म्हणजे मुख्य ठोका मेला तरी ती जागी असते. या दोन्ही चालू ठेवा. त्रास देतात म्हणून बंद करणारे बहाद्दर मी पाहिले आहेत.

आणि पॅनल विकत घेणाऱ्याने एवढंच करावं. बसवून झालं, की मिस्त्रीला पैसे देण्याआधी पेटीपाशी उभं राहून पहिल्या ‘खट्ट’पासून दुसऱ्या ‘खट्ट’पर्यंतचे सेकंद मोबाईलवर मोजावेत आणि पॅनलवर जितके छापले आहेत त्यांच्याशी ताडून बघावेत. मग विहिरीचा सेन्सर पाण्याबाहेर काढून, किंवा मिस्त्रीकडून तसं भासवून, कोरड्या मोटारीचा कटआउट किती सेकंदांत पडतो तेही मोजावं. कार्ड आहे म्हणून जुना ओव्हरलोड रिले काढून टाकायला कुणी सांगत असेल, तर ऐकू नये. त्याच्यातली दोन धातूंची पट्टी तापली की वाकते आणि मोटार तोडते. ती ठोके मोजत नाही.